टाक्याने घडलेलं शिल्प : नागपुरातलं एक प्रकरण

नागपुरातल्या एका कला संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनासाठी जूनमध्ये एक प्रवेशिका आली. विभाग : शिल्प. उंची : साडेसात फूट. साहित्य : बांबूच्या कामट्या, जुनी सुती लुगडी, कापूस, सुतळी, शिवणदोरा. शीर्षकाचा रकाना कोरा. पाठवणारी शिल्पकार तिशीतली, इथेच शिकलेली, पुढे बडोद्याला जाऊन आलेली. निवड समितीच्या पहिल्याच बैठकीत ही प्रवेशिका शिल्पातून काढून ‘हस्तकला’ विभागात टाकली गेली. त्या समितीत मी निमंत्रित सदस्य होते. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण चित्र-शिल्पातलं साहित्य आणि स्त्रीवाद या विषयावर आपण व्याख्यानांत जे बोलतो, त्यातलं काय टिकतं आणि काय अपुरं पडतं हे या एका कामात स्पष्ट दिसलं. संबंधितांच्या इच्छेप्रमाणे कुणाचंही नाव दिलेलं नाही.

काम

आकृती बाईची होती, मारबतीच्या घडणीवर बेतलेली. नागपूरकरांना मारबत समजावून सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य नागपुरातून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत त्या-त्या वर्षी लोकांचा ज्यांच्यावर राग असेल त्यांचे पुतळे, म्हणजे बडगे. कामट्यांचा सांगाडा, वर कागद, कापड, रंग. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत त्यांना मिरवतात आणि शेवटी जाळतात. काळी मारबत ही भोसले घराण्यातली बांकाबाई, इंग्रजांना सामील झाली म्हणून तिचा पुतळा, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. रोगराई आणि फितुरी दोन्ही एका बाईच्या अंगावर घालायची आणि तिला पेटवायचं, ही कल्पना या शिल्पकाराला लहानपणापासून खुपत होती. तिला न जाळली जाणारी मारबत करायची होती.

सांगाडा तिने बुरडाकडून कामट्या चिरून आणून स्वतः बांधला. लुगडी आणली ती भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायांकडून. धुऊन-धुऊन मऊ झालेलं सुती कापड, काही काठ अजून धड. मग तीन-तीन पदर एकावर एक घालून त्याच्या गोधड्या शिवून घेतल्या आणि त्या सांगाड्यावर चढवल्या.

इथे जरा थांबते, कारण सगळं प्रकरण या शिवणीवर उभं आहे. गोधडीचा धावदोरा म्हणजे पदर एकत्र धरून ठेवणारी साधी शिवण, असं आपण धरून चालतो. पण टाका जवळ-जवळ घेतला आणि दोरा किंचित ओढला की कापड आक्रसतं. टाका लांब ठेवला की ते सैल राहतं. दाट टाक्यांच्या दोन ओळींमध्ये सैल पट्टा सोडला तर तो फुगून वर येतो. या आकृतीचं पोट, खांदे, मांडीवरच्या वळ्या अशाच आल्या होत्या. कापूस आत भरलेला होता, पण तो आधारापुरता; आकार दिला होता टाक्याने. मानेपाशी तर एका जांभळ्या लुगड्याचा काठ उभा घेतला होता आणि टाके त्याला आडवे जात होते, त्यामुळे मान ताठ, किंचित वळलेली, शीर ताणल्यासारखी दिसत होती. आपल्या भागातल्या अलीकडच्या कामांत इतकी जिवंत मान मी पाहिलेली नाही. बेंबीतून खाली सोडलेला लाल दोऱ्यांचा झुबका मात्र मला पटला नाही. जे शरीराने सांगून झालं होतं ते तो पुन्हा मोठ्याने सांगत होता.

आक्षेप

समितीतले आक्षेप तीन होते. हे शिवणकाम आहे. हे टिकणार नाही. आणि हे शिल्प मानलं तर उद्या रुखवतातल्या वस्तूही शिल्प म्हणून येतील.

तिसऱ्याला उत्तर द्यायची गरज नव्हती. आलेलं काम पाहून निवडायचं, हेच तर निवड समितीचं काम. टिकाऊपणाचा मुद्दा आपल्या शहरात तरी काढू नये. चितार ओळीत मातीचे गणपती घडतात, दहा दिवसांत पाण्यात जातात, आणि ते घडवणाऱ्याला आपण मूर्तिकारच म्हणतो. त्याच बैठकीत प्लॅस्टरची चार कामं शिल्प म्हणून बिनतक्रार निवडली गेली होती. त्यातल्या एकाचा कान वाहतुकीतच उडाला होता.

पहिला आक्षेप खोलवरचा आहे आणि त्याला इतिहास आहे. जर्मनीतली बाउहाउस ही आधुनिक कलाशिक्षणाची आदर्श शाळा मानली जाते. तिथे १९२२ मध्ये आलेल्या आनी आल्बर्स यांना काचकामाच्या कार्यशाळेत जायचं होतं. त्यांची रवानगी विणकामात झाली, कारण बायकांची जागा तिथे ठरलेली होती. पुढे त्यांनी विणकामच बदलून टाकलं हा भाग वेगळा. अमेरिकेत कलाकार ज्यूडी शिकागो यांनी १९७४ ते १९७९ या काळात त्रिकोणी मेजावर ३९ स्त्रियांची पानं मांडली, तेव्हा चिनी मातीची रंगवलेली ताटं आणि भरतकाम हे साहित्य मुद्दाम घेतलं. ज्या हातकामाला घरकाम म्हणून बाजूला काढलं होतं, तेच संग्रहालयाच्या मधोमध आणून ठेवलं.

आपल्याकडे ही वाट अधिक गुंतागुंतीची आहे. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) बडोद्याच्या कलाशाळेत चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या विद्यार्थिनी. त्यांनी तागासारख्या जाड दोरांना हाताने गाठी मारत पुरुषभर उंचीच्या, झाडासारख्या, देवीसारख्या, योनीसारख्या आकृती उभ्या केल्या. माग नाही, विणायच्या सुया नाहीत, फक्त गाठ. बराच काळ त्या कामांकडे कारागिरी म्हणून पाहिलं गेलं, आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा त्या हयात नव्हत्या. शीला गौडा चित्रकार म्हणून शिकल्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, देशातल्या हिंसाचाराच्या काळात, त्या रंग सोडून शेणाकडे आणि नंतर सुई-दोरा-कुंकवाकडे वळल्या. त्यांच्या एका प्रसिद्ध कामात सुईच्या नेढ्यातून ओवलेले दोरे एकत्र घेऊन, कुंकू आणि चिकटद्रव्याने बांधून, लांबच लांब लाल दोरखंड केले आहेत आणि टोकाला सुयांचे झुबके लोंबतात. रुमाना हुसेन यांनी डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर फुटक्या मडक्यांना हात घातला. या तिघींपैकी कुणीही ‘बायकी साहित्य’ वापरायचं म्हणून वापरलं नाही. तेलरंग आणि ब्राँझ ज्या गोष्टी बोलू शकत नव्हते, त्या बोलायला त्यांना दुसरं साहित्य लागलं.

आणि एक साधी गोष्ट, जी समितीत कुणी बोलत नाही. ब्राँझ ओतायला भट्टी लागते, पैसा लागतो, मोठी जागा लागते, रात्री-अपरात्री ओतारखान्यात थांबायची मोकळीक लागते. ही शिल्पकार सासरच्या दोन खोल्यांच्या घरात राहते आणि गच्चीवर काम करते. गुंडाळून कोपऱ्यात ठेवता येईल असं साहित्य तिने निवडलं यात विचारही होता आणि नाइलाजही. मला दोन्हींचा आदर वाटतो.

बैठकीत मी एकच मुद्दा धरून ठेवला : या कामात आकार शिवणीतून आलेला आहे. टाके उसवले तर आकृती उरणार नाही, फक्त कापडाचा ढीग उरेल. जिथे शिवण हीच घडण आहे, त्याला शिल्प म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? दुसऱ्या बैठकीत ज्येष्ठ सदस्यांनी काम प्रत्यक्ष समोर ठेवून, हात लावून पाहिलं. त्यातले एक स्वतः दगडात काम करतात. त्यांनी पोटावरची शिवण बराच वेळ बोटांनी चाचपली आणि म्हणाले, ‘‘हे घडवलेलं आहे.’’ प्रवेशिका शिल्प विभागात परत गेली.

त्यांनीच एक दोष दाखवला आणि तो खरा होता. घोट्यापाशी आकृती बसत चालली होती. कामट्या एप्रिलमध्ये ओल्या घेतलेल्या, गच्चीवरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्या सुकून बारीक झाल्या आणि सुतळीच्या गाठी सैल पडल्या. त्यात पाऊस लागला. कापूस हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास सहज धरून ठेवतो, दमट हवेत त्याहून जास्त. वरचं वजन वाढलं आणि खालचे सांधे ढिले. शिल्पकाराने खालची बांधणी उकलून तारेने पुन्हा बांधली, नव्या कामट्या बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून, सुकवून वापरल्या, म्हणजे भुंगाही लागणार नाही. अशा साहित्यात काम करणाऱ्या मुलींना हे कुणी शिकवत नाही. कलाशाळेत प्लॅस्टर आणि फायबरचं तंत्र शिकवतात. कापड, दोर, बांबू यांचं शास्त्र प्रत्येकीला आपापलं शोधावं लागतं, आणि मग काम वाकलं की ‘बघा, टिकलं नाही’ म्हणायला आपण मोकळे.

उद्घाटनाचा दिवस

गोधड्या शिवल्या होत्या चार जणींनी. उत्तर नागपुरातल्या एकाच वस्तीतल्या. सर्वांत मोठी साठीपुढची, धाकटी पस्तिशीची. रोज चारशे रुपये मजुरी, चहा-जेवण शिल्पकाराकडे. उद्घाटनाला चौघी चांगल्या साड्या नेसून आल्या, कामाभोवती फिरल्या, एकमेकींना आपापले टाके दाखवू लागल्या. मोठ्या काकूंच्या नातीने शेजारची पाटी मोठ्याने वाचली. शिल्पकाराचं नाव, साहित्य, किंमत दीड लाख रुपये.

काकू मला म्हणाल्या, ‘‘मॅडम, पोट कोनं फुगवलं ते लिहाच न इथं. खडूच्या रेघंनं फुगते का वो?’’

खडूच्या रेघा शिल्पकाराच्या होत्या. तिने लुगड्यांवर आकार आखून दिला होता. पण कुठे टाका किती जवळ घ्यायचा, दोरा किती ओढायचा, हे या चौघींच्या हातांनी ठरवलं होतं. सुरुवातीला पोट सपाट येत होतं, तेव्हा काकूंनीच मधला पट्टा सैल सोडून दाखवला होता, हे शिल्पकाराने स्वतःच मला आधी कौतुकाने सांगितलं होतं.

म्हणजे ज्या मुद्द्यावर हे काम शिल्प ठरलं, तोच मुद्दा आता या बायांच्या बाजूने उभा होता. आकार शिवणीतून आला असेल, तर शिवणाऱ्या हातांना नुसते मजूर कसं म्हणायचं?

शिल्पकाराचं म्हणणंही बाजूला सारण्यासारखं नव्हतं. कल्पना तिची, सांगाडा तिचा, मारबतीचा विचार तिचा, कितीतरी भाग तिने उसवून पुन्हा शिवायला लावलेला. शिवाय ती म्हणाली, ब्राँझ ओतणाऱ्या ओताऱ्याचं नाव कुठल्या पुतळ्याच्या पाटीवर असतं? पुरुष शिल्पकारांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाईने कापडात काम केलं की लगेच हिशोब मागतात. यात तथ्य आहे. पण इतरांनी नावं गाळली म्हणून आपणही गाळायची, हे तिच्या कामाला शोभणारं नव्हतं, आणि मी तसं तिला स्पष्ट सांगितलं. शिवाय सगळीकडे गाळतात असंही नाही. शिळाछापाच्या (लिथोग्राफीच्या) नामांकित कार्यशाळांत छापणाऱ्याचा उठावाचा शिक्का चित्रकाराच्या सहीजवळ कागदावर उमटवतात. शिकागो यांच्या कामात शेकडो हात लागले होते आणि त्यांची नावं कामासोबत मांडली जातात. मुंबईच्या कलाकार नवजोत अल्ताफ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून छत्तीसगडच्या बस्तरमध्ये कोंडागावला राजकुमार, शांतीबाई, गेसूराम या तिथल्या कलाकारांसोबत काम करत आल्या आहेत. ही नावं आपल्याला माहीत आहेत ती त्यांनी ती घेतली म्हणून. कोंडागाव नागपूरहून फार दूर नाही.

याच शहरात विणकरांच्या घरी काय चालायचं तेही आठवायला हवं. एम्प्रेस मिल ही कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली तरी कोष्टी वस्त्यांतले हातमाग त्यानंतरही चालत राहिले. मागावर पुरुष बसायचा. बाई कांड्या भरायची, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या गुंडाळायची, सुताला खळ द्यायची, ताणा लावायला हात द्यायची. विणकर म्हणून नोंद मागावर बसणाऱ्याची आणि मजुरीही त्याच्याच हातात. लुगड्याच्या किमतीत त्या बाईचं काम होतं, हिशोबात नव्हतं. चौघींपैकी एकीचं आयुष्य सासरी कांड्या भरण्यात गेलेलं आहे. तिला हा प्रश्न समजावून सांगावा लागला नाही.

शेणाचा चौथरा

साहित्याबद्दल याच चौघींनी एक निर्णय आधीच घेऊन टाकला होता, आणि तो मला या प्रकरणातला फार महत्त्वाचा भाग वाटतो. शिल्पकाराच्या मूळ आराखड्यात आकृतीखाली शेणाने सारवलेला चौथरा होता. गौडा यांच्या कामाचा प्रभाव तिने लपवलाही नव्हता. सारवायला सांगितल्यावर दोघींनी साफ नकार दिला. ‘‘शेन आमच्या मायनं जन्मभर उचललं दुसऱ्याच्या दारातलं. आता फोटोसाठी बी नाही उचलत.’’

हे बोलणाऱ्या बाईंचं घर बौद्ध. ज्या शहरात जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली आणि ज्या शहरात १९५६ मध्ये धम्मदीक्षा झाली, तिथे शेण हे फक्त ‘घरगुती, स्त्रीसुलभ, पर्यावरणपूरक’ साहित्य राहू शकत नाही. ते कुणाच्या तरी माथी मारलेलं काम होतं. स्वतःच्या अंगणात सारवणारी बाई आणि दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढणारी बाई यांच्यासाठी त्या एकाच पदार्थाचे अर्थ वेगळे. समीक्षेत आपण ‘स्त्रीचं साहित्य’ असा शब्दप्रयोग करून मोकळे होतो, तेव्हा कुठल्या स्त्रीचं, हे विचारायचं राहून जातं. शिल्पकाराने चौथरा रद्द केला आणि आकृती थेट फरशीवर उभी केली. ती तशीच जास्त चांगली दिसली.

बैठक काकूंच्या घरी

पाटीचा प्रश्न संस्थेत सुटला नाही, काकूंच्या घरी सुटला. चौघी, शिल्पकार, मी. चहा, चिवडा, बाहेर पाऊस. मी मनात धरलं होतं की चौघींची नावं लावली की झालं. तसं सोपं निघालं नाही, कारण चौघींना चार वेगळ्या गोष्टी हव्या होत्या.

काकूंना नाव हवं होतं, आणि शिल्पकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. दुसरी म्हणाली, ‘‘माह्यं नाव टाका, अन् माह्या मायचंही टाका. टाका तिनंच शिकवला.’’ तिसरीला नावाशी देणंघेणं नव्हतं. दीड लाखांत आपला वाटा किती, एवढंच तिला विचारायचं होतं. धाकटी घाबरली होती. ‘‘नाव नका टाकू बाई. घरी इचारतीन, किती पैसे भेटले. मी दोनशेच सांगतलं हाय.’’ रोजच्या चारशेंतले दोनशे ती वेगळे ठेवत होती. तिच्यासाठी नाव छापलं जाणं म्हणजे ते दोनशे जाणं.

श्रेय देणं ही न्यायाची गोष्ट आहे असं आपण मानतो आणि ती आहेच. पण या बाईचं नाव तिला न विचारता पाटीवर गेलं असतं, तर आपल्या समाधानाची किंमत तिने मोजली असती.

शेवटी पाटी अशी झाली : ‘संकल्पना व रचना’ यापुढे शिल्पकार, ‘टाक्यांतून घडण’ यापुढे तिघींची नावं आणि ‘व आणखी एक’. दुसरीच्या आईचं नाव तिच्या नावापुढे ‘यांची शिष्या’ असं आलं. घराणं सांगतात तसं. अक्षरं सगळी एका मापाची. ‘टाक्यांतून घडण’ हे शब्द काकूंचे नाहीत, पण वाचून दाखवल्यावर त्यांनी मान डोलावली. ‘शिवणकाम’ लिहिलं असतं तर मी स्वतः हरकत घेतली असती.

विक्री झाली तर एक तृतीयांश रक्कम चौघींत समान, धाकटीचा वाटा रोख, काकूंच्या हातून. हे शंभराच्या मुद्रांकावर लिहिलं. शिल्पकाराला एक तृतीयांश जास्त वाटला आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. माझ्या मते तो रास्त आहे. गॅलरी तेवढं दलाल म्हणून घेतात आणि टाका घालत नाहीत.

समितीने पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकेत ‘सहकारी कारागीर’ असा रकाना घातला आहे, भरणं ऐच्छिक. तो सक्तीचा करावा असा लेखी आग्रह मी धरला आहे. हस्तकला आणि शिल्प हे विभाग वेगळेच ठेवले आहेत आणि कापडात काम करणाऱ्या पुढच्या मुलीला हाच वाद पहिल्यापासून घालावा लागणार, हे मला दिसतं आहे.

काम विकलं गेलेलं नाही. मुंबईच्या एका संग्राहकाने चौकशी केली, मग वाळवी आणि बुरशीबद्दल विचारलं आणि पुढे कळवलं नाही. सध्या आकृती शिल्पकाराच्या घरी, आडवी, जुन्या चादरीत, घड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला घालून ठेवली आहे. उजव्या खांद्यावरचं एक लुगडं आधीच विरलेलं होतं, ते सप्टेंबरात फाटलं. शिल्पकाराने काकूंना बोलावलं, तर त्यांनी आधी करारनामा आणायला सांगितला आणि नातीकडून तो पुन्हा वाचून घेतला. त्यात दुरुस्तीबद्दल एक अक्षर नव्हतं. गोधडी दर दोन-चार वर्षांनी दुरुस्त करावीच लागते, हे त्यांना माहीत होतं. आम्हा दोघींपैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता कराराला सहावं कलम जोडलं आहे : काम ज्याच्या मालकीचं असेल त्याने दुरुस्ती करून घ्यायची, पहिला हक्क या चौघींचा, आणि मजुरी त्या वेळच्या दराने.